सगळ्या कोंबड्या एकाच रात्री अंड्यांवर: खुडूक प्रकल्पाच्या नोंदी, मोहोळ तालुका, सोलापूर

२० ऑक्टोबर

आधी प्रकल्पाचं कारण लिहून ठेवते, म्हणजे गटातल्या नव्या बायकांनाही कळेल.

आमच्या गावात कोंबडी नाही असं घर शोधावं लागेल. पण पिल्लं मोठी होत नाहीत. एका घरी आषाढात पाच निघतात, दुसऱ्या घरी गणपतीत सात, तिसरीकडे दिवाळीला चार. मग मानमोडीची साथ येते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. कागदावर या रोगाला रानीखेत म्हणतात. त्यावर लस आहे, स्वस्त आहे, तालुक्याच्या दवाखान्यात सांगून ठेवली तर मिळते. तरी गावात कोणी देत नाही, कारण लस कुपीत येते आणि लासोटा या लहान पिल्लांच्या लसीची लहान कुपीसुद्धा शंभर पिल्लांची असते. ती बर्फातून आणायची आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना डोळ्यात एक थेंब. ज्या बाईकडे पाच पिल्लं आहेत ती एवढ्यासाठी मोहोळला कशाला जाईल?

म्हणून पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरा-कोंबड्यांची देखभाल बघणारी, या नात्याने गटाच्या बैठकीत मी हे मांडलं: गावातली पिल्लं एकाच दिवशी निघाली पाहिजेत. त्यासाठी आठ-दहा कोंबड्या एकाच वेळी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणाऱ्या, हव्यात, आणि त्यांच्याखाली एकाच रात्री अंडी ठेवायला हवीत.

उबवणी यंत्राचा विषय निघाला. यंत्राला २१ दिवस ३७.५ अंश सांभाळावे लागतात, आणि वस्तीवरची वीज कधी जाईल सांगता येत नाही. पिल्लं निघाल्यावरही पुढचे तीन-चार आठवडे बल्बची ऊब द्यावी लागते. कोंबडीकडे दोन्ही घरचं आहे. शिवाय दाणा कुठे उकरायचा आणि घार दिसली की कुठे पळायचं हे पिल्लं आईकडूनच शिकतात. बायकांना हे पटवावं लागलं नाही. "पण कोंबड्या एकदम खुडूक व्हत्यात का?" एवढाच प्रश्न आला.

२४ ऑक्टोबर

घरोघर जाऊन विचारलं: तुमची कुठली कोंबडी खुडूक होते, वर्षातून कितीदा, शेवटपर्यंत बसते की मधेच उठते?

वाटलं होतं त्यापेक्षा चित्र वेगळं निघालं. योजनेतून आलेल्या वनराज आणि गिरिराज कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण त्या बसल्याचं कोणाला आठवत नाही. शाळेजवळच्या वहिनींनी हौसेनं पाळलेली कडकनाथही बसत नाही. दोष त्या पक्ष्यांचा नाही. जास्त अंड्यांसाठी निवड करताना माणसानं पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचंच बी पुढे नेलं. खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं थांबवते, त्यामुळे अंड्यांच्या धंद्यात तो गुण तोट्याचा. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये तर तो जवळजवळ संपला आहे.

बसणाऱ्या सगळ्या गावरान निघाल्या, आणि दोन असीलच्या मिश्र. असील झुंजीसाठी प्रसिद्ध असली तरी तिच्याइतकी खमकी आई दुसरी नाही. वस्तीवरच्या आजींकडे एक तांबडी आहे. तिच्या आईनंही तशीच पिल्लं काढली होती आणि आजीनंही, असं त्या सांगतात. मी वहीत तिच्या नावापुढे खूण केली. गुण रक्तातून येतो, तेव्हा पुढचं बी याच ओळीचं धरायचं.

२ नोव्हेंबर

एवढ्या गावरान कोंबड्या आहेत, मग खुडूक इतक्या कमी का? उत्तर आत्याबाईंनी चुलीपुढे बसून दिलं. "आगं, रोज अंडं उचलताव तर ती बसंल कशावर? आमच्या येळंला कोंबडी कडब्याच्या गंजीत चोरून घालायची. धा-बारा झाली की आठ दिस दिसायचीच न्हाई. मग हुडकायला जायचो."

पशुवैद्यक डॉक्टरांनी तेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं होतं. अंधाऱ्या जागी अंड्यांचा साठा डोळ्यांना दिसतो, पोटाला लागतो, आणि त्यातून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढतं. गाई-म्हशींच्या दुधामागे जे संप्रेरक असतं तेच हे. कोंबडीत ते वाढलं की अंडी घालणं थांबतं, छातीची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि गरम लागते, आणि तिला उठवेनासं होतं. अंड्यांचा स्पर्श जोवर आहे तोवर ते टिकतं. अंडी काढली की काही दिवसांत उतरतं.

तेव्हा कोंबडीला बळजबरीनं बसवता येत नाही. दिवसभर डालग्याखाली कोंडून "बस" म्हटल्यानं ती खुडूक होत नाही, उलट अंडी तुडवते. आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत: अंडी दिसू देणं, जागा निवांत आणि अंधारी ठेवणं, आणि तिच्या अंगात बसण्याइतकी ताकद असणं.

पण खरी अंडी पंधरा-वीस दिवस पाटीत सोडायची तर ती शिळी होणार, घरातल्यांना खायला मिळणार नाहीत, आणि मुंगूस ती नेणारच. यावर काहीतरी शोधायला हवं.

४ नोव्हेंबर

शोधलं. शेजारच्या गावातल्या कुंभारमामांकडे मातीची अंडी सांगितली. भरीव अंडं आव्यात फुटतं, म्हणून ते पोकळ करून खाली बारीक भोक ठेवणार आहेत. गावरान अंडं ४० ते ४५ ग्रॅमचं असतं, नमुन्यासाठी दोन देऊन आले. भाजून झाल्यावर चुन्याची निवळी लावायची.

८ नोव्हेंबर

आजचा दिवस जागा करण्यात गेला.

प्रत्येक घरी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अंधार. कोंबडीला अंडं घालायला उजेडातली पाटी चालते, पण बसायला ती आडोसा बघते. काहींनी माळवदाच्या खोलीचा कोपरा दिला, एकीने ज्वारीच्या कणगीमागची जागा, दोघींनी जुनं खुराडं. तोंडावर पोत्याचा पडदा सोडला, आत-बाहेर जाण्यापुरती फट ठेवून. पाटी वेळूची, उथळ नको. तळाला चाळलेली माती घालून मध्ये खोलगट दाबायची आणि वर कडब्याची कुट्टी किंवा गव्हाचं काड पसरायचं. तळ सपाट असला तर अंडी कडेला घरंगळतात आणि थंड पडतात.

दुसरी गोष्ट पिसवा. यावर मी सगळ्यांचा पिच्छा पुरवला. दिवसा खुराडं स्वच्छ दिसतं, पण रात्री बॅटरी मारली की भेगांतून बारीक लाल ठिपके बाहेर आलेले दिसतात. त्या रात्रभर रक्त पितात. कितीही जातिवंत खुडूक कोंबडी असली तरी त्या छळापायी अंडी सोडून उठते, आणि आपण म्हणतो की हिला माया नाही. म्हणून भेगा शेणामातीनं लिंपल्या, भिंतींना चुना मारला, पाट्या दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या. काडाच्या खाली कडुलिंबाचा सुकवलेला पाला. बाहेर एका खड्ड्यात चुलीची राख आणि मऊ माती, कोंबड्यांना लोळायला. फवारणीचं औषध पाटीत अजिबात मारायचं नाही हे दोनदा सांगितलं. शेतातला डबा उचलून आणायची सवय असते.

खाण्यात ज्वारीबरोबर थोडी शेंगपेंड आणि चुनखडीचा चुरा सुरू केला.

१५ नोव्हेंबर

मातीची अंडी आली. प्रत्येक पाटीत सहा ठेवली. खरं अंडं रोज संध्याकाळी उचलायचं, मातीची तिथेच राहू द्यायची. कोंबड्यांनी चोचीनं एकदा उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारी अंडी घालायला सुरुवात केली.

१९ नोव्हेंबर

काही नाही. बायका विचारतात. मी म्हणते, थांबा. गावरान कोंबडी साधारण दहा-पंधरा अंड्यांचा एक डाव घालते आणि मग बसायचं मनावर घेते. डाव पुरा होऊ द्यायला हवा.

२३ नोव्हेंबर

वस्तीवरची तांबडी बसली! आजींनी नातवाला सायकलवर पाठवलं. जाऊन पाहिलं: अंग पसरून, शेपटी चपटी करून पाटी भरून बसलेली. हात पुढे केला तर पिसं फुलवून गुरगुरली आणि मनगटावर टोच मारली. तुरा फिका पडलाय. पोटाखाली बोटं घातली तर तवा तापावा तशी ऊब. विष्ठा दिवसातून एकदाच, मोठी आणि उग्र वासाची. सगळी चिन्हं पक्की आहेत.

तिला आठ-दहा दिवस मातीच्या अंड्यांवर थांबवायचं, बाकीच्या येईपर्यंत. आजींना हे आवडलं नाही. "तिला फसवायचं व्हय?" त्यांचं म्हणणं मला कळतं. म्हणून ठरवलं की पंधरा दिवसांपेक्षा जास्त कुठल्याच कोंबडीला नुसत्या मातीवर ठेवायचं नाही. तोवर बाकीच्या तयार झाल्या नाहीत तर हिला हिची अंडी द्यायची. बसल्यावर कोंबडी खात कमी आणि झिजते जास्त. त्या झिजण्याचं तिला पिल्लू मिळालं पाहिजे.

२७ नोव्हेंबर

आज एका घरी वेळेवर पोचले. खुडूक झालेली काळी कोंबडी बादलीत बुडवायला घेतली होती, आणि नाकात घालायला पीस उपटून बाजूला ठेवलेलं. खुडूक मोडायची ही जुनी रीत, घरोघर चालते. कोंबडी अंडी देईना की गार पाण्यात बुडवायची, नाकपुड्यांतून पीस आरपार घालायचं. बाईंचा राग समजण्यासारखा होता. त्यांचं मीठमिरची अंड्यांवर चालतं.

मी त्यांना हिशोब सांगितला नाही, फक्त म्हटलं, काकू, ही आमच्या यादीत द्या. बसेपर्यंत आणि पिल्लं वाढेपर्यंत तुमची जी अंडी बुडतील ती गटातल्या बाकीच्या घरांनी थोडी थोडी भरून द्यायची. संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांनी हे मान्य केलं. काळी वाचली.

आणि खरंच मोडायची वेळ आलीच, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, तर त्यालाही बिनत्रासाची रीत आहे. जमिनीपासून उंच, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवायची. पोटाला खालून वारा लागला, बसायला मऊ काही मिळालं नाही, की ती आपोआप उतरते. बुडवून थंडीनं मारण्याचं कारण नाही.

२ डिसेंबर

सहा झाल्या. एक बसली असं वाटलं होतं, पण रात्री पाटीत नव्हती, बाकीच्यांबरोबर दांडीवर झोपली होती. अशी नाही धरायची. सलग दोन रात्री जी पाटी सोडत नाही तीच यादीत जाते.

५ डिसेंबर

मार्गशीर्ष लागला. बहुतेक घरांत अंडं शिजत नाही, तेव्हा उबवणीला अंडी गोळा करायला याहून चांगला काळ नाही. थंडीचाही फायदा आहे. अंडी २४-२५ अंशांच्या वर ठेवली तर आतला जीव थोडाथोडा वाढायला लागतो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच मरतो. आत्ता माठाशेजारच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या टोपलीत ती छान राहतात.

गोळा करायचे नियम घरोघर सांगितले. सात दिवसांपेक्षा शिळं अंडं घ्यायचं नाही. टोकदार बाजू खाली. धुवायचं नाही, कारण कवचावर जो पातळ लेप असतो तो धुतला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. मळकं असेल तर बाजूला काढून खायला ठेवायचं. फार मोठं, फार लहान, वाकडं, खरबरीत नको. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं घराची खूण.

आणि कोंबडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी हवाच. एका घरचा कोंबडा मागे नवसाला गेला, त्यानंतर आणलेला नाही. त्या घरच्या बाई म्हणतात शेजारचा येऊन जातो. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बी दहा-बारा दिवस टिकतं, त्यामुळे अधूनमधून आला तरी चालतं. त्यांची ११ अंडी घेतली, खूण स्पष्ट केली.

८ डिसेंबर, रात्री

आठ कोंबड्या: सहा गावरान आणि दोन्ही असील. ९६ अंडी, प्रत्येकीला अंगाप्रमाणे अकरा ते तेरा. पिसांखाली सगळी झाकली जातील तेवढीच द्यायची. एक जरी उघडं राहिलं तर फिरवाफिरवीत रोज वेगळं अंडं बाहेर पडतं आणि एकामागून एक सगळीच थंड होतात.

काम अंधारातच केलं. दिवसा हात घातला तर कोंबडी बिथरते. बॅटरीवर लाल कापड बांधून दिराने उजेड धरला, मी आणि आत्याबाईंनी एकेका घरी जाऊन मातीची अंडी काढली आणि खरी सरकवली. तांबडीनं चोचीनं एकेक आत ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात खुडूक-खुडूक करत राहिली. आजी शेजारी बसून होत्या. त्यांनी पाटीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून ठेवतात. गडगडाटानं गर्भ मरत नाही, पण खिळ्यानं काही बिघडतही नाही. राहू दिला.

नऊच्या सुमारास शेवटच्या घरातून निघालो. एकाच रात्री आठ जागी! गावात असं याआधी झालं नसेल.

१० डिसेंबर

रोजचं वेळापत्रक लावलं. कोंबडी दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात खाणं, पाणी, विष्ठा आणि राखेत लोळणं. दाणा अख्खा द्यायचा, ज्वारी किंवा मका; पातळ भरड्यानं विष्ठा पातळ होते आणि पाटी घाण होते. त्या वेळेत बाकीच्या कोंबड्या आत जाऊन नवं अंडं घालतात, म्हणून पडदा लावायचा. खुणेशिवायचं अंडं दिसलं तर लगेच काढायचं. त्याचे दिवस मागे राहतात आणि पिल्लांच्या वेळी गोंधळ होतो.

बांगलादेशात बायका मातीचं एक घरटं करतात, त्याला दाण्याची आणि पाण्याची अशा दोन वाट्या काठालाच जोडलेल्या असतात. कोंबडीला लांब जावं लागत नाही. कुंभारमामांना चित्र काढून दाखवलं. पुढच्या फेरीला दोन करून बघू म्हणाले.

१५ डिसेंबर

सातवा दिवस. रात्री अंडी तपासली. बुटांच्या खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडलं, आत मोबाईलची बॅटरी, खोलीत अंधार. गर्भ धरलेल्या अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. वांझ अंडं नुसतं पिवळसर निवळ. मेलेल्यात रक्ताचं कडं.

लहान मुली दाराशी गोळा झाल्या होत्या. एकीला दाखवलं तर ठिपका हलला, आणि ती ओरडली, "वहिनी, हे जित्तं हाय!" सगळ्यांना एकेकदा बघू दिलं. प्रत्येक अंडं मिनिटभरात परत पोटाखाली जाईल याची काळजी घेतली.

९६ पैकी १७ निवळ. त्यातली ११ त्या बिनकोंबड्याच्या घरची, म्हणजे सगळीच. शेजारचा कोंबडा येत नव्हता. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जत्रा होऊ दे, तलंग (तरणी कोंबडी) विकून कोंबडा आणते.

७९ अंडी राहिली. ती सात कोंबड्यांत नीट बसतात. आठवीला, म्हणजे काकूंच्या काळीला, मातीच्या अंड्यांवर राखीव ठेवलं. कोणी मधेच उठली तर काळी आहे. एकाच रात्री बसवण्याचा हा फायदा आधी डोक्यात नव्हता: सगळ्या अंड्यांचं वय सारखं, त्यामुळे कुणाचीही कुणाखाली जातात.

१८ डिसेंबर

दोन असीलपैकी एक सलग दोन दिवस उठलीच नाही. तुरा मलूल. अशा कोंबड्या अंड्यांवर बसूनच मरतात, इतकी त्यांची निष्ठा. हातानं उचलून अंगणात ठेवली तर तशीच पाय मुडपून बसून राहिली. पाण्यात चोच बुडवली तेव्हा भानावर आली. आता तिला रोज दुपारी उचलून बाहेर आणायचं. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना हे आधी चाचपायचं.

२० डिसेंबर

शाळेजवळची भुरी उठली. बाराव्या दिवशी. तिच्या खुराड्यात पिसवा सापडल्या, नव्या; मागच्या भिंतीला वीट निघालेली होती तिथून. पाटी सकाळी गार लागली, पण पहाटे पाचला वहिनींनी तिला बसलेलं पाहिलं होतं, म्हणजे फार वेळ गेला नसावा. थोडा वेळ गार पडलं म्हणून अंडं लगेच मरत नाही. तासाभरात तिची अंडी काळीखाली गेली. काळीनं मातीची सोडली आणि ही घेतली, जणू पहिल्यापासून तिचीच होती.

२२ डिसेंबर

चौदावा दिवस. पाच मेलेली निघाली, त्यातली तीन भुरीची. ७४ शिल्लक. आतमध्ये आता काळोख भरलाय, वरच्या बाजूला हवेची पोकळी तेवढी उजळ दिसते.

२६ डिसेंबर

आजपासून हात लावायचा नाही. शेवटचे तीन दिवस कोंबडी स्वतःही अंडी फिरवणं कमी करते, कारण पिल्लू चोच हवेच्या पोकळीकडे करून बसतं. आत्ता उलटसुलट झालं तर त्याला बाहेर यायची दिशा सापडत नाही.

सोलापूरची हवा कोरडी. कवचाखालचा पापुद्रा वाळून चिकट झाला तर पिल्लू त्यात अडकतं. म्हणून पाटीखालची जमीन सकाळ-संध्याकाळ ओली करायची, पाटीभोवती ओलं पोतं. अंड्यांवर थेट पाणी नको.

पाटीच्या चारी बाजूंनी राखेचं जाड रिंगण घातलं. अंडं टवकलं की वासानं लाल मुंग्या येतात आणि आतल्या पिल्लाला तिथेच खातात. आत्याबाईंनी स्वतः फिरून प्रत्येक घरचं रिंगण तपासलं.

२९ डिसेंबर

पहाटेच आजींचा नातू आला, तांबडीखालून आवाज येतोय. कान लावला. कवचाआडून बारीक चिवचिव, आणि वरून तांबडी हळू आवाजात उत्तर देतेय. हे बोलणं एक दिवस आधीच सुरू होतं. पिल्लाला आईचा आवाज बाहेर येण्याआधी ओळखीचा होतो.

दुपारपर्यंत चार घरांतून निरोप. एका ठिकाणी अर्धवट टवकलेलं अंडं सोलून द्यायची घाई चालली होती, थांबवलं. टवका पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला बराच वेळ लागतो, कधी कधी अख्खी रात्र. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि शिरांतलं रक्त अंगात घेतं. ओढून काढलं तर रक्त जातं.

३० डिसेंबर

६६ पिल्लं. उरलेल्या आठपैकी सहांत पूर्ण वाढलेली मेली होती, दोन नासकी.

पहिला दिवसभर त्यांना काही खायला दिलं नाही, पोटात बलक असतो. नंतर उथळ झाकणात पाणी, त्यात गारगोट्या टाकून, बुडू नयेत म्हणून. ज्वारीच्या कण्या. काळीनं नऊ काढली. काकू डालग्याशेजारून हलायला तयार नव्हत्या. मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "बुडवली असती तर?" मी काही बोलले नाही, पिल्लं बघत बसले.

५ जानेवारी

लसीचा दिवस, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पिल्लं सात दिवसांची.

सकाळी दिरानं मोहोळहून थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली. ऊन चढायच्या आत, समाजमंदिराच्या ओसरीवर सगळ्या जणी आपापली पिल्लं डालग्यात, टोपल्यात, एकीनं तर ओटीत घेऊन आल्या. डॉक्टरांनी कुपी कालवली, एका डोळ्यात एक थेंब टाकला, पिल्लाची पापणी मिटेपर्यंत धरलं. मग मला दिलं. नंतरची सगळी मी दिली. शेजारच्या वस्तीवरून याच आठवड्यातली पिल्लं घेऊन दोघी आल्या, त्यांनाही पुरलं. पाऊण तासात संपलं. कुपीत उरलेली लस डॉक्टरांनी उकळून पुरून टाकायला सांगितली.

या ओसरीवर कोंबड्यांसाठी इतक्या बायका कधी बसल्या नव्हत्या. मला आतून फार बरं वाटलं.

१६ जानेवारी

सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, निम्मं गाव सोलापुरात. घरं बंद असली की मांजरं मोकळी होतात. एका घरची तीन पिल्लं गेली. ज्या जणी यात्रेला गेल्या त्यांची डालगी शेजारणींनी सांभाळली.

२ फेब्रुवारी

घारीनं आणि कावळ्यांनी मिळून आणखी आठ नेली. असीलच्या दोघींचं मात्र एकही गेलं नाही. घार खाली आली की त्या पंख पसरून उडी घेतात. काळीही आता तसं करायला शिकलीय.

१० फेब्रुवारी

दुसरी फेरी बसवली, नऊ कोंबड्या. पहिल्या फेरीत ज्या अंडी घालत होत्या त्यांच्या पाट्यांत संक्रांतीनंतर मातीची अंडी ठेवली होती. वाट्या जोडलेली मातीची दोन घरटी कुंभारमामांनी केली, ती घाबरट कोंबड्यांना दिली. त्या खाऊन लगेच परत बसतात.

उन्हाळ्याआधीची ही शेवटची फेरी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा माठाशेजारीही अंडी टिकत नाहीत आणि बसलेली कोंबडी उष्म्यानं तोंड उघडून धापा टाकते. पुढची फेरी मिरगाचा पाऊस पडून हवा गार झाल्यावर.

२३ फेब्रुवारी

पहिली पिल्लं आठ आठवड्यांची झाली. आज मानमोडीचीच पुढची, आर-टू-बी नावाची लस दिली, ही कातडीखाली सुईनं असते आणि दीड महिन्याच्या आतल्या पिल्लाला चालत नाही. ५३ पिल्लं समोर होती. दोन मरतुकडी गेली होती, बाकीची मांजर-घारीनं नेलेली. मानमोडीनं एकही नाही.

तांबडीनं पिल्लं तोडलीत. चोच मारून लांब करते आणि पुन्हा अंडी घालायला लागली आहे. तिच्या दोन तलंगा आजींनी विकायच्या नाहीत असं ठरलं. एक काकूंना, एक त्या कोंबडा नसलेल्या घरी. त्या घरी कोंबडाही आला आहे, जाताना बघून आले.

दुसऱ्या फेरीची तपासणी सातव्या दिवशी झाली, निवळ अंडी या वेळी थोडीच निघाली. ३ मार्चला पिल्लं, ९ मार्चला लस. दवाखान्यात कुपी सांगून ठेवली आहे.